मदत हवी आहे: ग्रीसमध्ये आठ जणांसाठी शिडाची नौका भाड्याने घेण्याबाबत

नमस्कार. पुढच्या वर्षी मे महिन्याच्या अखेरीस, मुलांच्या शाळा उघडण्यापूर्वी, आम्ही दोन कुटुंबांतील आठ जण ग्रीसमध्ये एक आठवडा शिडाची नौका भाड्याने घेण्याचा विचार करत आहोत. आमच्यात दोन शाळकरी मुले आहेत आणि सत्तरी ओलांडलेले माझे आईवडील आहेत. हा बेतच मुळात वडिलांच्या समुद्राच्या ओढीतून ठरला आहे, त्यामुळे त्यांना सोसवेल असाच मार्ग निवडायचा आहे.

एजियन समुद्रातली सायक्लेडीज बेटे आम्ही वगळली आहेत. मेल्टेमी हा उत्तरेकडचा वारा तिथे मुख्यतः जुलै-ऑगस्टमध्ये जोर धरत असला, तरी बेटांमधला समुद्र उघडा आहे आणि आईला बोट लागते. आता अथेन्सच्या अलिमोस मरीनातून (नौकांच्या धक्क्यावरून) ईजिना, पोरोस व हायड्रा ही बेटे, किंवा ग्रीसच्या पश्चिमेकडील लेफ्कादा बेटाहून मेगानिसी, इथाका व केफलोनिया, असे दोन पर्याय उरतात. माझा कल दुसऱ्याकडे आहे, कारण लेफ्कादाच्या पूर्वेचे पाणी बेटे आणि मुख्य भूमी यांच्यामध्ये बरेचसे आडोशाला आहे, आणि तिथला वायव्येचा वारा सहसा दुपारी वाढून संध्याकाळी पडतो. अथेन्सहून रस्त्याने तिथे पोहोचायला चार-पाच तास लागतात, ही मात्र वयस्करांच्या दृष्टीने अडचण आहे.

नौका स्वतः चालवावी की स्किपर, म्हणजे नौका चालवणारा व्यावसायिक कप्तान, सोबत घ्यावा, यावर आमच्यात चर्चा झाली. माझ्या मित्राकडे आरवायए या ब्रिटिश नौकानयन संस्थेचे डे स्किपर प्रमाणपत्र आहे आणि तो मुंबईच्या बंदरात नियमित शिडे हाकतो. परंतु मुंबईत नौका पाण्यातल्या बोयाला बांधतात आणि खरे कौशल्य भरती-ओहोटी ओळखण्यात असते. भूमध्य समुद्रात भरती-ओहोटी नगण्य असते, आणि तिथे पुढून नांगर टाकून नौका उलटी मागे घेत धक्क्याला लावावी लागते. आडवा वारा असताना, दोन्ही बाजूंना इतरांच्या नौका असताना हे काम तिथे पहिल्यांदाच करायचे, तेही मुले आणि वृद्ध सोबत असताना, हे मला पटत नाही. म्हणून स्किपर घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र त्याचे मानधन आणि जेवण आपल्याकडे असते, शिवाय त्याला झोपायला जागाही लागते. चार केबिनच्या नौकेत आम्ही आठ जण भरल्यावर त्याला बैठकीच्या बाकावर झोपवणे योग्य वाटत नाही. दिवसभर आपला जीव ज्याच्या हाती, त्याला रात्री नीट विश्रांती मिळालीच पाहिजे. अशा वेळी पाच केबिनची एककाय (एकाच सांगाड्याची नेहमीची) नौका घ्यावी, की पुढच्या टोकाला स्किपरसाठी वेगळी छोटी खोली असलेला कॅटमरान (दोन समांतर सांगाड्यांची रुंद नौका)? कॅटमरान कलत नाही, त्यामुळे आईवडिलांना तो सोयीचा होईल, पण त्याचे भाडे आणि मरीनाचे शुल्क दोन्ही बरेच जास्त असते. धक्क्यावर उतरण्याच्या अरुंद फळीवरून वयस्कर माणसे कशी ये-जा करतात, हेही कोणी अनुभवातून सांगितल्यास फार मदत होईल.

सर्वांत मोठी काळजी व्हिसाची आहे. शेंगेन व्हिसासाठी प्रवासाच्या सहा महिन्यांपेक्षा आधी अर्ज करता येत नाही, म्हणजे आम्हाला नोव्हेंबरच्या अखेरीपर्यंत थांबावे लागेल. चांगल्या नौका मात्र त्याआधीच आरक्षित होऊ लागतात आणि आम्ही ज्यांच्याकडे चौकशी केली, ते आरक्षणाच्या वेळीच निम्मी रक्कम मागतात. आठांपैकी एकाचा जरी व्हिसा नाकारला गेला, तरी आमचा बेत कोलमडेल.

भारतातून अर्ज करताना राहण्याचा पुरावा म्हणून नौकेचा करार आणि त्यासोबतची प्रवाशांची यादी पुरेशी ठरली का, की पहिल्या व शेवटच्या रात्रीचे हॉटेलचे आरक्षणही जोडावे लागले? आणि व्हिसा नाकारल्यास आगाऊ रक्कम परत मिळेल, अशी अट करारात लेखी घालून घेणे कोणाला जमले आहे का?