भत्त्याला अर्ज आले नाहीत म्हणजे बेकारी नव्हती?

सेकंडशिफ्ट
काल एकाने पोस्ट टाकली की कोविडनंतर वाळूज-चाकणच्या कारखान्यांत बेकारी वगैरे काही नव्हती, असती तर ईएसआयच्या (कामगार विम्याच्या) बेरोजगारी भत्त्याला रांगा लागल्या असत्या, आणि पीएमआय (कारखान्यांचं काम वाढलं की घटलं ते सांगणारा निर्देशांक, 50 च्या वर म्हणजे वाढ) तर ऑगस्ट 2020 लाच 52 वर गेला होता, रडारड बंद करा. डोकं सणकलं म्हणून लिहितोय, मोठं होईल.

अहो भत्ता मागायला माणूस आधी ईएसआयमध्ये पाहिजे ना! पगार 21 हजारांच्या वर गेला की बाहेर, अप्रेंटिस बाहेर, नीम योजनेतली शिकाऊ पोरं बाहेर. मी आत होतो. जून 2020 ला ठेकेदाराचा फोन, उद्यापासून येऊ नको. कागद नाही, काही नाही. हा भत्ता देणाऱ्या अटल बीमित योजनेचा अर्ज भरला, निम्मा पगार 90 दिवस मिळतो म्हणून. त्यात तेव्हा दोन वर्षांची नोकरी दिसावी लागायची. मी पाच वर्षं त्याच शेडमध्ये त्याच मशीनवर, पण मधे तीन ठेकेदार बदलले आणि प्रत्येकाने माझा ईएसआयचा नवा नंबर काढलेला. शेवटच्या नंबरवर 11 महिने. झाला का माझा अर्ज? नाही. मग मी बेकार नव्हतोच म्हणायचं.

आकडेमोड
तुमचं वाईट झालं, पण एका ठेकेदारावरून जिल्ह्याची बेकारी ठरत नाही. सरकारी सर्वेक्षण बघा, 2019-20 ला बेरोजगारी 4.8 टक्के, 2020-21 ला 4.2. कमी झाली. आता हेही खोटं का?

सेकंडशिफ्ट
खोटं नाही, नीट वाचा म्हणतोय. त्याच सर्वेक्षणात शेतीवरचा टक्का 2018-19 ला 42.5 होता तो 2020-21 ला 46.5 झाला. त्यातला एक मी. गेवराईला भावाच्या रानात कापूस वेचत होतो, हातात दमडी नाही, पण घरच्या शेतात राबलं की तुमच्या तक्त्यात रोजगार. वर्षात 30 दिवस काही केलं तरी चालतं.

आणि पीएमआय मागच्या महिन्याशी तुलना करतो हो. एप्रिलला 27.4. विहिरीत पडलेला माणूस दोन पायऱ्या चढला तर तुम्ही हलगी लावणार.

जॉबवर्कवाला
दोघंही बाजूला व्हा. माझ्याकडे दोन सीएनसी मशीन आहेत, ऑपरेटर मिळत नाही त्याचं बोला! गेटवर पाटी लावून तीन महिने झाले. आपली पोरं येतात, विचारतात कॅन्टीन आहे का, बस आहे का, आणि पोळ्याला गेली की परत येत नाहीत. शेवटी ओडिशाचा पोरगा ठेवला, शेडमध्येच झोपतो, दोन वर्षांत चार सुट्ट्या. बेकारी म्हणे.

गंगापूरची
शेडमध्ये झोपतो हे अभिमानाने सांगताय दादा? माझ्या भावाने अशाच शेडमध्ये 12 तास काढले, ओव्हरटाइमचे पैसे दुप्पट नाही, सिंगलच. स्थळ बघायला गेलो तर मुलीच्या मामाचा पहिला प्रश्न, परमनंट आहे का. दुसरा प्रश्न विचारलाच नाही, चहा घेतला नि आलो.

जॉबवर्कवाला
ताई मी डबल ओटी कशातून देऊ? मोठ्या कंपनीच्या वेंडरला माल देतो, बिल 120 दिवसांनी निघतं, स्टीलवाला मात्र रोख मागतो. 2024 ला ते आयकराचं 43 बी एच आलं ना, छोट्या उद्योगाचं बिल 45 दिवसांत दिलं नाही तर त्या वर्षी खर्चाची वजावट नाही, वाटलं सुटलो. वेंडरने सांगितलं छोटा उद्योग म्हणून केलेली उद्यम नोंदणी काढून टाक, म्हणजे तो नियम नको, नाहीतर ऑर्डर दुसऱ्याला देतो. काढली. बायकोच्या पाटल्या अजून गहाण आहेत, त्या कुठल्या सर्वेक्षणात येतात तेवढं सांगा.

आकडेमोड
धागा बेरोजगारीचा होता, पाटल्यांवर आला.

जॉबवर्कवाला
एसीत बसून टक्के मोजणाऱ्याने शिकवू नये. मशीन कधी पुसलंय का?

आकडेमोड
वैयक्तिक जाऊ नका. माझे वडील साताऱ्याच्या एमआयडीसीत टर्नर होते, तेलाचे कपडे मी धुतलेत. बरं, भत्त्याचा मुद्दा सोडला, अर्जांवरून बेकारी मोजता येत नाही, झालं समाधान? पण कारखाने सुरू झाले होते हे तरी मानाल की तेही षडयंत्र?

सेकंडशिफ्ट
सुरू झाले, मी कुठे नाही म्हणलो. ऑक्टोबर 2020 ला पीएमआय 58.9 होता, आणि त्याच रिपोर्टात नोकऱ्या सलग सातव्या महिन्यात घटल्याचं लिहिलेलं. कमी माणसांत तेवढाच माल निघतो हे मालकांना तेव्हाच कळलं. आधी आम्ही एक माणूस एक मशीन होतो, परत गेलो तर एकाकडे तीन. डिसेंबरला तर तळेगावचा जनरल मोटर्सचा प्लांटच थांबला.

जॉबवर्कवाला
तुम्ही टर्निंगवर होतात का? सीएनसीचं फानुक कंट्रोल येतं?

सेकंडशिफ्ट
येतं. टूलचं ऑफसेट पण स्वतः मारतो.

जॉबवर्कवाला
मग या की. 16 हजार देतो.

सेकंडशिफ्ट
पीएफ, ईएसआय?

जॉबवर्कवाला
दोन महिने काम बघू, मग करू.

गंगापूरची
😂😂 घ्या, चौथा नंबर.