रसाळ-सुमार-महिपतच्या ट्रेकला वॉकीटॉकी: अमेरिकेतले सेट चालतील का?

जगबुडीकाठ (खेड)

नमस्कार मंडळी. डिसेंबरात आमचा वीस-पंचवीस जणांचा ग्रुप रसाळगडावरून सुमारमार्गे महिपतगड करणार आहे. सुमारच्या रानात मोबाइलचा काही भरवसा नाही आणि पुढचे पुढे, शेपटाचे मागे असं होतंच. शिट्ट्या मारून गाल दुखतात, पण समोरच्याला कळत नाही की ही शिट्टी "थांबा"ची की "या"ची.

भाचा न्यू जर्सीहून येतोय, वॉकीटॉकीची जोडी आणतो म्हणतोय. खोक्यावर 35 मैल रेंज लिहिलेली आहे म्हणे. आमच्या ह्यांचं म्हणणं, इथेच पाच वॅटचा चायनीज सेट घ्यावा, स्वस्तात पडतो. काय करावं? आणि तेच सेट नंतर हर्णैला कयाकवर चालतील का?

रानवाटा_07

ताई, पाच वॅटचा घेऊन टाका. सगळे तोच वापरतात. डोंगरात कोण विचारायला येतंय!

लाइनमन_चिपळूण

डोंगरात कोणी विचारत नाही हे कबूल. पण तो सेट 136 ते 174 आणि 400 ते 520 मेगाहर्ट्झमध्ये वाटेल तिथे बोलतो, आणि त्या पट्ट्यात पोलीस, वन खातं, जहाजं सगळ्यांच्या जागा ठरलेल्या आहेत. गडाच्या माथ्यावरून पाच वॅटने बटण दाबलंत तर आवाज कुठवर जाईल आणि कोणाच्या कामात घुसेल ते तुम्हाला कळणारसुद्धा नाही. बिनपरवाना तो वापरायचा नाही, विषय संपला.

भाच्याला सांगा, सेट तिकडेच ठेव, बदाम-पिस्ते आण. अमेरिकेतले ते सेट 462 आणि 467 मेगाहर्ट्झवर चालतात. तिथे मुभा आहे, आपल्याकडे नाही. आपल्याकडे परवान्याशिवाय 446.0 ते 446.2 मेगाहर्ट्झ, तेही अर्ध्या वॅटपर्यंत. 2018 च्या नियमांपासून ही सोय आहे. युरोपातही हाच पट्टा असल्यामुळे सेट मिळायला अडचण नाही. फक्त घेताना ईटीए, म्हणजे सरकारी मान्यतेचं सर्टिफिकेट, मागा. ऑनलाइन घेणार असाल तर फ्रिक्वेन्सी कुठली आणि परवाना लागतो का, हे जाहिरातीत लिहिलेलं आहे का बघा. 2025 मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने विक्रेत्यांना ते सांगणं बंधनकारक केलंय. लिहिलेलं नसेल तर पुढचं दुकान.

आता ते 35 मैल. लाइनवर आयुष्य गेलं माझं, म्हणून जरा लांबण लावतो. असले आकडे या डोंगरावरून त्या डोंगरावर, मध्ये काहीच नसताना मिळणारे. या लहरी साधारण नजरेसारख्या सरळ जातात. सपाटीवर उभ्या दोन माणसांना मध्ये झाड-घर काही नसेल तर कागदावर दहाएक किलोमीटर, पुढे पृथ्वीची गोलाई आड येते. शक्ती दहापट केलीत तर मोकळ्यावर अंतर तिप्पट होतं, दहापट नाही. आणि मध्ये डोंगराची सोंड आली की अर्धा वॅट काय नि पाच वॅट काय, दोघेही मुके.

रसाळच्या तटावरून खाली रसाळवाडीशी बोलणं लख्ख होतं. तोच सेट घेऊन सुमारच्या रानात शिरा. पुढचा माणूस सोंडेला वळसा घालून पलीकडे गेला की हाकेच्या अंतरावरूनही नुसती खरखर. त्यात पानं ओली असतील तर आणखी वाईट, पाणी या लहरी पिऊन टाकतं. डिसेंबरात तेवढं तरी बरं.

म्हणून वॅट वाढवू नका, माणूस वर ठेवा. पुढे एक सेट, शेपटाला एक, आणि तिसरा अशा माणसाकडे जो खिंडीत किंवा धारेवर, दोन्ही बाजू दिसतील तिथे, शेपूट पुढे सरकेपर्यंत थांबेल. पुढच्याने सांगितलेलं तो मागे सांगणार. त्याला बडबड्या नसावं, ऐकलेलं शब्दाला शब्द सांगता यावं. आमच्या ग्रुपात या कामाला एक शाळामास्तर आहेत, हजेरी घेतल्यासारखे बोलतात, पण निरोप कधी बदलत नाही.

वापरताना: अँटेना उभी, तोंडापासून वीतभर लांब. सेट कमरेला लावून बोललात तर निम्मी लहर तुमच्या पोटातच जिरते. बटण दाबा, क्षणभर थांबा, मग बोला, नाहीतर "थांबू नका" मधला "थांबू" गिळला जाऊन काहीतरी भलतंच पोचतं. आवाजाने आपोआप चालू होणारी सोय बंद ठेवा, गडावर वाराच बोलत बसतो. चॅनलसोबत टोनचा कोडही सगळ्यांचा एकच हवा, नाहीतर शेजारी उभे राहूनसुद्धा ऐकू येणार नाही. त्या कोडला खोक्यावर "प्रायव्हसी" म्हणतात, तरी दुसऱ्यांना तुमचं बोलणं ऐकू येतंच.

हर्णै_बंदर

डोंगराचं दादांनी सांगितलंय, दर्याचं मी सांगतो. ते 446 कयाक-कयाकमध्ये बोलायला ठीक, पण बसल्यावर डोकं पाण्यापासून मीटरभरच, त्यामुळे गोलाई आणखी लवकर आड येते आणि लाट उठली की समोरचा गायब. मुख्य म्हणजे कुठलीच बोट तुम्हाला ऐकणार नाही. आमचे सेट मरीन व्हीएचएफ, म्हणजे बोटी-जहाजांचे वेगळे, संकटाचा चॅनल 16, म्हणजे 156.8 मेगाहर्ट्झ. त्याला परवाना लागतो. तेव्हा कोणाच्या तरी होडीला सोबत ठेवा, आणि किनाऱ्याला मोबाइल लागेल तिथवर कोस्ट गार्डचा 1554 फोनमध्ये सेव्ह असू द्या. सुवर्णदुर्गाच्या आडोशाच्या बाहेर जाऊ नका.

सेट पारदर्शक प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तोंड घट्ट बांधा. पिशवीतूनही बोलता येतं, बटणही दाबता येतं. दोरीने लाइफ जॅकेटच्या खांद्याला बांधा, खिशात नको. घरी आल्यावर गोड्या पाण्याचं ओलं फडकं फिरवून पुसा, विशेषतः चार्जिंगचे पितळी ठिपके. मिठाने ते हिरवे पडले की चार्जरवर दिवा लागतो पण बॅटरी भरत नाही.

जगबुडीकाठ (खेड)

दोघांचेही आभार. एक शंका: मी हॅमचा, म्हणजे हौशी रेडिओचा, परवानाच काढला तर? आम्ही माणशी वर्गणी घेतो, नफा फारसा उरत नाही.

लाइनमन_चिपळूण

परीक्षा जरूर द्या. 2021 च्या जुलैत चिपळूण बुडालं तेव्हा मोबाइल कसे गप्प पडले ते या गावाने बघितलंय, त्यामुळे परवानाधारक माणूस तालुक्यात जितका वाढेल तितका हवाच आहे. पण ट्रेकच्या कामाला त्याचा उपयोग नाही. हॅम हा छंदाचा परवाना, धंद्याचा नाही, आणि समोर बोलणारालाही परवाना लागतो. शेपटाला चालणाऱ्या प्रत्येकाला परीक्षेला बसवणार का? ट्रेकला 446 च. जोडी घेऊ नका, तीन घ्या. आणि गडावर जाऊन पहिल्यांदा चालू करू नका, आदल्या दिवशी रसाळवाडीतच तिन्ही सेटचा चॅनल आणि कोड जुळवून बघा.

जगबुडीकाठ (खेड)

तीन सांगितले. भाचा पिस्ते आणतोय. खिंडीत थांबायला आमचे हेच योग्य, घरात कमी बोलतात. त्यांना अजून सांगितलेलं नाही.