फ्रोडो अंगठी टाकतच नाही, मग नायक कसा?

कोरा_कागद: टोल्किनच्या 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज'मध्ये दुष्ट सॉरॉनची अंगठी आगीत टाकून नष्ट करायची, या कामासाठी एवढी पायपीट, आणि तेच फ्रोडो ऐनवेळी नाकारतो. माउंट डूम या ज्वालामुखीच्या कड्यावर अंगठी आपलीच म्हणतो आणि बोटात घालतो. मग नायक त्याचा सोबती सॅम म्हणायचा की राजवंशातला योद्धा ॲरागॉर्न? स्वतः फँटसी कादंबरी लिहायला घेतलीय, म्हणून विचारतोय.

जुनी_पोथी: फ्रोडोच. तो हरणार हे दुसऱ्याच प्रकरणात पेरलंय: घरच्या शेकोटीसमोर अंगठी फेकायला जातो आणि ती परत खिशात जाते. त्याचा कस लागतो तो आधी, अंगठीचा जुना, तिच्यासाठी झुरणारा मालक गोलम तावडीत सापडतो तेव्हा. आधी अंगठी बाळगणाऱ्या बिल्बोसारखाच तोही त्याला जिवंत सोडतो. म्हणून तर गोलम शेवटी तिथे हजर असतो, बोट चावून तोडतो आणि अंगठीसकट आगीत पडतो. ही दया वगळली तर सॉरॉन जिंकला. टोल्किननेही पत्रात लिहिलंय की त्या जागी अंगठीचा जोर कुणालाच पेलला नसता. हे नैतिक अपयश नव्हे.

निळावंती: सॅमला इतक्यात बाद करू नका. अंगठी हातात आल्यावर सॅमसारखे ती आपणहून परत देणारे किती? पण सॉरॉनच्या देशाच्या वाटेवर, किरिथ उंगोलच्या पायऱ्यांवर गोलम सुधारण्याच्या बेतात असताना त्याला तोडून बोलतो तोही सॅमच. नायकाच्या सोबत्यालाही अशी एक महागात पडणारी चूक द्या.

ॲरागॉर्नकडे वंश आहे, तलवार आहे. तरी सॉरॉनच्या देशाच्या काळ्या दरवाजावर तो जेमतेम सहा हजार माणसं नेतो ती फक्त सॉरॉनची नजर फ्रोडोवरून हटावी म्हणून. तुमची मोठी लढाई अशी दुसऱ्या कुणाच्या उपयोगी पडत नसेल तर ती निव्वळ आतषबाजी.

कोरा_कागद: माझ्या नायकाबद्दल भविष्यवाणी आहे. काढू?

जुनी_पोथी: राहू द्या, पण तिने निकाल आधीच फोडता कामा नये. सॉरॉनचा सेनापती विच-किंग पुरुषाच्या हातून पडणार नाही एवढंच भाकीत. त्याला मारते राजाची भाची एओविन, तेही फ्रोडोचा मित्र मेरी याने आधी पायावर वार केल्यावर. मेरीची ती कट्यार पहिल्याच खंडात थडग्यातून मिळालेली असते.

आणि जखमा पुढच्या प्रकरणात बऱ्या करू नका, बहुतेक हस्तलिखितं इथेच घसरतात. वेदरटॉप टेकडीवर विच-किंगने फ्रोडोवर केलेला वार ६ ऑक्टोबरचा; फ्रोडोला तो दरवर्षी त्याच तारखेला छळतो. शेवटी त्याला आपलं घर, शायर, सोडावं लागतं.