अनुभव धागा: वाळवंटी ऊन, फुफाटा आणि दुकानातला माल

आखाती देशांत किंवा राजस्थानात दुकान चालवणारे, सांभाळणारे, दुकानांचे एसी दुरुस्त करणारे बरेच जण इथे आहेत. २१ जुलै २०१६ला कुवेतच्या मित्रिबाहला पारा ५३.९ अंशांवर गेला होता. त्याच वर्षी १९ मे रोजी राजस्थानातल्या फलोदीला ५१ अंश नोंदले गेले. पण हे सावलीतले आकडे. उन्हात उभ्या बंद कंटेनरच्या आत ६० ओलांडतात, आणि आपला माल त्यातूनच येतो. धाग्याला अट एकच: "काळजी घ्यावी" असं मोघम लिहू नका. काय, किती, कुठे आणि चुकलं तर काय बिघडतं, तेवढंच लिहा.

कुवेत, किराणा

माल फडताळावर कमी आणि गाडी ते गोडाऊन या टप्प्यात जास्त बिघडतो. इथे १ जून ते ३१ ऑगस्ट सकाळी ११ ते दुपारी ४ उघड्यावर उन्हात काम करायला बंदी असते. गाडी १०ला आली की अर्धा माल उतरतो, माणसं आत जातात आणि उरलेला माल दार उघड्या गाडीत भाजतो. गाडी ७च्या आत बोलवा. आधी चॉकलेट, मग लोणी-चीज, मग तळलेला खाऊ; डाळ-तांदूळ शेवटी.

तापमान तपासायची बंदूक फक्त पुठ्ठ्याच्या पृष्ठभागाचं तापमान सांगते. सळईवाला थर्मामीटर पॅलेटच्या मधल्या दोन खोक्यांच्या फटीत घाला आणि २ मिनिटं थांबा. कोको बटर ३४ अंशांच्या आसपास वितळतं. वितळून पुन्हा घट्ट झालेल्या चॉकलेटवर पांढरट थर येतो. ते खायला वाईट नसतं, पण गिऱ्हाईक बुरशी समजून परत आणतं. १५ ते १८ अंश ठीक. फ्रिजमधून काढून लगेच उघड्यावर मांडलं तर वर दव धरतं, साखर विरघळते आणि पुन्हा तेच पांढरे डाग.

आपल्या मालाबद्दल थोडं:

भाकरवडी, शेव, चिवडा खवट होतो तो उष्णता आणि उजेड या दोघांमुळे. पारदर्शक पाकिटं काचेच्या दर्शनी भागात मांडूच नका. छताजवळचा आणि पायाजवळचा कप्पा यांत ४-५ अंशांचा फरक सहज पडतो. वर मीठ-साखर, खाली तेलकट.

कापूर उडून जातो. कागदी पुडीतला तर हमखास. पुडी तशीच दिसते, आत निम्मा. घट्ट झाकणाच्या बरणीतलाच मागवा.

रवा, बेसन, मैदा: सोंडे ३० अंशांच्या आसपास सर्वांत जोमाने वाढतात. रात्री एसी बंद करून वीज वाचवणाऱ्यांच्या दुकानात त्यांची चंगळ. नवीन आलेली पाकिटं उणे १८च्या डीप फ्रीजरमध्ये ४ दिवस ठेवायची. बाहेर काढल्यावर खोलीच्या तापमानाला येईपर्यंत बाहेरची पिशवी उघडायची नाही, नाहीतर ओल धरून गुठळ्या होतात.

शारजा, एसीचं काम

धूळ पुसून संपत नाही, कारण बहुतेक दुकानं ती स्वतःच ओढून घेतात. तपासायला एक उदबत्ती पुरते. एसी आणि एक्झॉस्ट रोजच्यासारखे चालू ठेवा, दार दोन बोटं उघडा आणि फटीशी उदबत्ती धरा. धूर आत वळला तर दुकानात हवेचा दाब बाहेरपेक्षा कमी आहे. म्हणजे प्रत्येक फटीतून, सॉकेटच्या डबीतून, फॉल्स सीलिंगवरून फुफाटा आत येणार. दोषी बहुधा मागच्या संडासाचा किंवा चहाच्या कोपऱ्यातला मोठा एक्झॉस्ट पंखा असतो. तो लहान करा किंवा टायमरवर टाका, आणि जेवढी हवा बाहेर जाते त्यापेक्षा थोडी जास्त ताजी हवा गाळून आत सोडा. बाहेरून आत क्रम असा: उभ्या पन्हळींचं सँड ट्रॅप लूव्हर (जाड वाळू तिथेच खाली पडते), मग धुता येणारा जी-४ फिल्टर (जाड धूळ अडवणारा), मग एफ-७ (बारीक धूळ अडवणारा). लूव्हरच्या तळाची वाळू पडायची भोकं बुजली की ते नुसतं शोभेचं. धूर बाहेर वळायला लागला की झालं.

एअर कर्टनवर (दारावरून खाली हवेचा झोत सोडणारा पंखा) लोक उगाच पैसे घालतात. दुकान हवा ओढत असेल तर त्याचा काही उपयोग नाही. दाब सुधारल्यावर बसवायचा असेल तर दाराच्या पूर्ण रुंदीचा घ्या, तोंड किंचित बाहेर झुकवा, आणि उंबऱ्याजवळ कागदाची पट्टी धरून बघा. ती हलली नाही तर झोत जमिनीपर्यंत पोचत नाही आणि धूळ खालून आत येते.

नवीन एसी घेताना टी-३ वर्गाचाच घ्या, तो ५२ अंशांपर्यंत चालतो. टी-१ची मर्यादा ४३. नेमक्या ज्या दुपारी गरज असते त्या दुपारी तो बंद पडतो. वावटळीनंतर बाहेरचं युनिट धुताना आधी ब्रेकर बंद. मग मऊ ब्रशने युनिटच्या बारीक पत्र्यांच्या (फिन्सच्या) रेषेत कोरडी धूळ झाडा, आणि मग पाणी आतून बाहेर मारा. बाहेरून मारलं तर चिखल आत ठासला जातो. प्रेशर वॉशर नको, पत्रे आडवे होतात. फ्रिज आणि डीप फ्रीजरच्या कंडेन्सरलाही (उष्णता बाहेर टाकणारी जाळी) हेच लागू, तिथे फक्त पाण्याऐवजी व्हॅक्यूम.

जैसलमेर, कापड आणि चामडं

वरचं सगळं एसीवाल्या दुकानांचं झालं. इथे बहुतेकांकडे डेझर्ट कूलर. कूलर बाहेरची हवा आत ढकलतो, म्हणजे दाबाचं काम तो आपोआप करतो, आणि ओल्या पॅडवर धूळही अडते. पॅड कोरडं पडलं की मात्र तोच पंखा वाळू फेकतो. आंधी येताना दिसली की क्रम चुकवू नका: आधी कूलरचा पंखा बंद, मग कूलरच्या जाळीवर ओलं गोणपाट, मग शटर, आणि शटरच्या तळाशी गोणपाटाचीच ओली वळकटी. दोन्ही बाजूंच्या खाचांत ब्रशची पट्टी मारून घ्या, खरी गळती तिथून असते.

आंधी थांबल्यावर लगेच झाडू घेऊ नका. तासभर धूळ बसू द्या. वरून खाली यायचं. फरशीवर ओलसर लाकडी भुसा टाकून मगच झाडायचं. कापडाला ओलं फडकं अजिबात लावायचं नाही, धुळीचा चिखल होऊन डाग पडतो. मऊ ब्रश, विणीच्या दिशेने. आरसे किंवा कशिदा असेल तर त्यावर नायलॉनची जाळी ताणून धरा आणि जाळीवरून कमी ताकदीचा व्हॅक्यूम फिरवा. घडी महिन्याला बदला. उडालेला रंग घडीच्या रेषेवर सर्वांत आधी दिसतो, आणि रेष दिसली की तो नग अर्ध्या किमतीत जातो. दर्शनी काचेत टांगलेला नग १५ दिवसांनी आत.

पावसाळी दमट हवा आली की कूलरचा पंप बंद, नुसता पंखा. नाहीतर मोजड्यांना बुरशी. चामडं प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवू नका, मलमलच्या पिशवीत ठेवा.

मस्कत, औषधं

"२५ अंशांखाली ठेवा" आणि "३० अंशांखाली ठेवा" ही औषधं वेगवेगळ्या फडताळांवर हवीत. थर्मामीटर एसीच्या झोतात टांगला की आकडे छान येतात आणि औषधं वाया जातात. तो खोलीतल्या सर्वांत गरम कोपऱ्यात लावा, बहुधा पश्चिमेची भिंत. रात्री आणि सुट्टीच्या दिवशीचं कमाल तापमान नोंदणारा लॉगर हवाच.

इन्सुलिनला २ ते ८ अंश, पण फ्रिजच्या मागच्या भिंतीला टेकलेला खोका गोठतो. गोठलेलं इन्सुलिन पुन्हा पातळ झालं तरी फेकायचं. जिलेटिनच्या कॅप्सूल उष्णतेने एकमेकींना चिकटतात, सपोझिटरी (गुदद्वारात ठेवायच्या गोळ्या) आकार सोडतात. इनहेलर आणि इतर फवाऱ्यांचे डबे ५० अंशांच्या वर जाता कामा नयेत. म्हणून घरपोच माल गाडीच्या डिकीत नाही, थंड डब्यात. डब्यातला बर्फाचा पॅक औषधाला थेट लावू नका, मध्ये पुठ्ठा घाला.

दुबई, चष्मे आणि मोबाईल

वाळूत क्वार्ट्झ असतं, ते काचेहून कडक. कोरड्या फडक्याने पुसलं की ओरखडा पडलाच. आधी रबरी ब्लोअरने उडवा, मग ओलसर मायक्रोफायबर, एकाच दिशेने. तोंडाने फुंकू नका, वाफेने धूळ चिकटते. पडून राहणारे मोबाईल आणि पॉवर बँक अर्धे चार्ज करून ठेवा. पूर्ण भरलेली बॅटरी उष्णतेत लवकर म्हातारी होते, फुगतेही.

उन्हाच्या काचेजवळची किमतीची लेबलं काळवंडतात, कारण तो थर्मल कागद, उष्णतेने काळा पडणारा. तिथे शाईच्या रिबनने छापलेली लेबलं वापरा.

कुवेत, किराणा (पुन्हा)

@शारजा: छोट्या दुकानाला एफ-७ जमत नसेल तर?

शारजा, एसीचं काम

जी-४चेच दोन थर लावा, मध्ये ५ सेंटिमीटर फट सोडून. बारीक फुफाटा थोडा येईल, जाड वाळू नाही. मात्र पंख्याचा जोर आधी बघून घ्या. फिल्टर भरला की हवा कमी होते आणि दाब परत उलटा पडतो. उदबत्ती दर आठवड्याला, वावटळीनंतर त्याच दिवशी. दोन जादा संच धुऊन, सुकवून तयार ठेवा. ओला फिल्टर परत बसवला तर त्यावर चिखलाचा थर बसतो आणि तो पुन्हा धुऊन निघत नाही.