अनुभव धागा: दुर्लक्षित विज्ञानकथाकार आणि जुन्या पीसीवर जड गेम

नाथसागर
जुन्या पीसीवर 'स्टॉकर' हा गेम परत टाकला आणि रशियन विज्ञानकथाकार स्त्रुगात्स्की बंधू आठवले. गेम २००७ चा, पण त्यामागची 'रोडसाइड पिकनिक' ही कादंबरी १९७२ ची. थोरला अर्कादी जपानीचा अनुवादक, धाकटा बोरिस पुल्कोवो वेधशाळेतला खगोलशास्त्रज्ञ. गेम खेळलेले ढिगानं भेटतात, हे दोघं वाचलेलं कुणी भेटत नाही.
गेम अडकत असेल तर ग्राफिक्समध्ये लायटिंग 'स्टॅटिक' करा. त्यानं जुना, हलका रेंडरर (चित्र काढणारा भाग) चालू होतो आणि वेगळं कार्ड नसलेल्या ऑनबोर्ड ग्राफिक्सवरही जीव येतो. सावल्या जातात, पण वातावरण तेच राहतं.
तुमचे लेखक आणि तुमचे जुगाड, दोन्ही लिहा.

परभणी_४४
सेटिंग नंतर, आधी कॅबिनेट उघडा. आपल्याकडं मे महिन्यात खोलीच तापलेली असते. प्रोसेसर शंभर अंशांच्या जवळ गेला की स्वतःच क्लॉक, म्हणजे वेग, उतरवतो, मग गेम दहा मिनिटं चांगला आणि नंतर झटके. प्रोसेसर थंड ठेवणाऱ्या हीटसिंकच्या पात्यांत धूळ आणि कापसाचे तंतू जाम बसलेले असतात. ब्लोअर मारताना पंखा बोटानं धरून ठेवा, वाऱ्यानं गरगरला की बेअरिंग जातं. प्रोसेसर आणि हीटसिंकमधली जुनी वाळलेली थर्मल पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसा, नवी वाटाण्याएवढीच. आणि पाण्याच्या कूलरचा झोत पीसीवर घेऊ नका, ओलसर हवेत धूळ चिखलासारखी चिकटते.

लातूरची_वाचक
पीसीतलं मला कळत नाही, पण लेखकांवर लिहिते. अरुण साधू म्हटलं की सगळे 'सिंहासन'वर थांबतात. त्यांची 'विप्लवा' ही विज्ञान कादंबरी आहे हे सांगावं लागतं. नारायण धारपांचं तसंच, वाचनालयात सरसकट भयकथांच्या कपाटात, त्यामुळं त्यांच्या विज्ञानकथा शोधणाऱ्याला सापडतच नाहीत. लक्ष्मण लोंढे, सुबोध जावडेकर, निरंजन घाटे... नवीन पोरांना नावंही माहीत नाहीत. नारळीकर सगळ्यांना माहीत, पण १९७४ ला मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत 'कृष्णविवर' त्यांनी नारायण विनायक जगताप या नावानं पाठवली होती. परीक्षकांनी नाव बघून नाही, कथा वाचून बक्षीस दिलं.

बीड_बायपास
इंटेल आय थ्री प्रोसेसर, सेकंड जन (दुसरी पिढी), ८ जीबी रॅम. कोणतं ग्राफिक्स कार्ड बसंल? पुस्तकाचं नंतर बघू

गोदाकाठ
@बीड_बायपास भाऊ, आधी पॉवर सप्लायवरचं स्टिकर वाच. कंपन्यांतून निघालेल्या सेकंडहँड डेस्कटॉपमध्ये कार्डाला वीज देणारी ६ पिनची वायर बहुतेक नसतेच. मग मदरबोर्डच्या स्लॉटमधून मिळतात तेवढ्या ७५ वॅटवर चालणारं कार्ड हवं. जीटीएक्स ७५० टीआय ६० वॅटचं, १०५० टीआय ७५ चं. जास्तीची पिन नसलेलंच मॉडेल बघून घे. कॅबिनेट सडपातळ असेल तर बुटकं, लो प्रोफाइल पट्टीचं कार्ड लागतं.
जीटी १०३० घेताना फार जप. एकाच नावाची दोन कार्डं आहेत. जीडीडीआर५ मेमरीवाल्याची बँडविड्थ, म्हणजे डेटा नेण्याचा वेग, सेकंदाला ४८ जीबी, डीडीआर४ वाल्याची जेमतेम १७. डबा सारखा, गेममध्ये जमीन-अस्मानाचा फरक.
आणि रॅमची ८ जीबीची एकच काडी लावलीस का? ४-४ च्या दोन लाव. कार्ड येईपर्यंत ऑनबोर्ड ग्राफिक्स रॅमच वापरतं, दोन काड्या एकदम चालण्याचा (ड्युअल चॅनल) फायदा लगेच दिसतो.

बीड_बायपास
एकच काडी हाय 🙏 दुसरी बघतो. लाइट गेली की इन्व्हर्टरवर पीसी बंद पडायलाय, ते कामून?

परभणी_४४
स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टर असंल. अ‍ॅक्टिव्ह पीएफसी (वीज नीट ओढणारं सर्किट) असलेल्या काही पॉवर सप्लायना ती वेव्ह मानवत नाही, शिवाय बदलीच्या क्षणी खंड पडतो. मध्ये यूपीएस टाकायचं ठरवलं तर त्यालाही इनपुट शुद्धच लागतं, म्हणून इन्व्हर्टरच प्युअर साइन वेव्ह घे.

नाथसागर
एक राहिलं. गेम डबल क्लिक करताच काही न बोलता बंद होत असेल तर एव्हीएक्स (प्रोसेसरमधल्या जादा सूचनांचा संच) तपासा. सेकंड जनच्या आय थ्रीत ते आहे, पण त्याच पिढीच्या पेंटियम-सेलेरॉनमध्ये नाही. एव्हीएक्स२ चौथ्या पिढीपासून. प्रोसेसरमध्येच नाही म्हटल्यावर रॅम, कार्ड काहीही घाला, उपयोग नाही. सीपीयू-झेड या प्रोग्रॅममध्ये 'इन्स्ट्रक्शन्स'च्या ओळीत बघा, मगच गेम विकत घ्या.

लातूरची_वाचक
गेमवाल्यांनो, पोलिश लेखक स्तानिस्लाव लेम पण घ्या की. 'द इन्व्हिन्सिबल' १९६४ ची, तिच्यावर २०२३ ला गेम आलाय म्हणे. निर्जन ग्रहावर यंत्रांचीच उत्क्रांती झालेली. मोठी, हुशार यंत्रं संपली आणि माशीएवढी, थव्यानं फिरणारी टिकली. ड्रोनच्या थव्यांबद्दल आज लिहितात, त्यानं साठ वर्षांपूर्वी लिहून ठेवलंय.

गोदाकाठ
ताई, तो गेम ७५० टीआयवर ओढणार नाही. पुस्तकच वाचतो. संभाजीनगरला औरंगपुऱ्यात मिळंल का?

लातूरची_वाचक
इंग्रजीतून मागवावं लागेल. धारप-लोंढे मात्र जुन्या पुस्तकांत विचारा, आणि भयकथांचा गठ्ठा सोडायला लावा.