सेकंडहँड सर्फेस गो: मांडीवर टायपिंग जमतं का?

खिडकीवाली: नमस्कार मंडळी. मी भाषांतराची कामं करते, आठवड्यातून तीनदा पुणे–मुंबई. सेकंड सीटिंगमध्ये बसते, समोर ट्रे वगैरे नाही. १५ इंची लॅपटॉप वाहून खांदा गेलाय. ओळखीचे एक काका पहिल्या पिढीचा सर्फेस गो (मायक्रोसॉफ्टचा विंडोजवाला छोटा टॅबलेट) विकतायत, ४ जीबी रॅम, ६४ जीबी स्टोरेज. मराठी इनस्क्रिप्ट कीबोर्ड मांडणीने टाइप करते. घेऊ का?

जुनापुराणा: ताई, माझ्याकडे हाच होता, ८ जीबीवाला. आधी विचारा, कीबोर्ड सोबत देतायत ना? तो कंपनी वेगळा विकायची.

टॅबलेट ५२२ ग्रॅम, कीबोर्ड धरून पाऊण किलोच्या आसपास. खांदा सुटेल. कीबोर्ड चुंबकाने खटकन बसतो. त्याला स्वतःची बॅटरी नाही, टॅबलेटकडूनच वीज घेतो, त्यामुळे ब्लूटूथची जोडाजोडी नाही. मागे दुमडला की बटणं आपोआप बंद.

पण मांडीचं विचारलंत ना, तिथेच गोम आहे. पडदा बिजागरीवर नाही, पाठीमागच्या स्टँडवर उभा राहतो. स्टँडची कड पार गुडघ्यापाशी जाते. घाटात गचका बसला की माझी घसरायचीच. शेवटी परीक्षेला नेतात ते क्लिपवालं पॅड मांडीवर घ्यायला लागलो. शेजारचे हसायचे, पण काम व्हायचं.

बटणांवर देवनागरी नसते, तुम्हाला पाठ असेलच. बटणं जरा लहान आहेत. पहिले काही दिवस जोडाक्षरं टाइप करताना तोंडातून काय निघेल सांगता येत नाही.

खिडकीवाली: कीबोर्ड देतायत. पॅड मुलाचं ढापते.

वायरमन: थांबा ताई. त्यात पेंटियम ४४१५वाय प्रोसेसर आहे, त्यावर विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही. विंडोज १० चा सपोर्ट, म्हणजे सुरक्षेचे नेहमीचे अपडेट, १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. लोकांची कागदपत्रं हाताळता, मग कशाला ही जोखीम? शिवाय ६४ जीबीवाल्यात ईएमएमसी हे हळू चालणारं स्टोरेज आहे, ८ जीबीवाल्यासारखी एसएसडी नाही. रॅमही नंतर वाढवता येत नाही.

जुनापुराणा: हे मी विसरलोच. गो २ बघा मग. त्यावर ११ चालतं, आणि कीबोर्ड हाच बसतो.

खिडकीवाली: हाच? मग काका नुसता कीबोर्ड देतात का विचारते.