'बॅकग्राउंड थ्रेड'ला मराठीत काय म्हणाल?

वेंधळी: डिप्लोमाच्या मुलांसाठी जावास्क्रिप्टची टिपणं मराठीत करतेय. एका वाक्यापाशी अडलेय. थ्रेड म्हणजे प्रोग्रॅममधल्या कामांची एक रांग; पान चालवतो तो मेन थ्रेड, मागे वेगळा चालतो तो बॅकग्राउंड थ्रेड. नेटवर्क रिक्वेस्ट अशा बॅकग्राउंड थ्रेडमधून पाठवा, असं सांगायचंय. मी लिहिलं, 'जालविनंती पार्श्वभूमीतील धाग्यातून पाठवा.' भाचा म्हणाला, "मावशी, हे शिवणकामाचं आहे का?"

जुनाखोड: पार्श्वभूमीत कोणी काम करत नसतं. 'पडद्याआड' म्हणा. आणि धाग्याऐवजी 'सूत्र'.

रिकामटेकडा: सूत्र म्हटलं की पोरं गणिताची वही काढतील. थ्रेडच ठेवा. आम्ही ऑफिसात 'मेन थ्रेड अडकलाय' असंच बोलतो.

जुनाखोड: मग 'महापौर' कशाला म्हणता, 'मेयर'च म्हणा की. सावरकरांनी उगाच कष्ट घेतले.

लेथवाला: आमच्या वर्कशॉपात थ्रेड म्हणजे आटे. एका यंत्राच्या मराठी माहितीपत्रकात 'धागे तेलाने पुसा' छापलं होतं. बाबा मिस्त्रींना म्हणाले, "येताना सुईपण आणा."

पाटावरवंटा: शब्द राहू दे, वाक्यच चुकलंय. फेच केलं, म्हणजे सर्व्हरकडे माहिती मागितली, की उत्तराची वाट ब्राउझर बघतो, मेन थ्रेड मोकळाच असतो. तेवढ्यासाठी वेब वर्कर, म्हणजे बॅकग्राउंड थ्रेडवर चालणारी वेगळी स्क्रिप्ट, लागत नाही. घोडं अडतं ते उत्तर आल्यावर. परवा ४० एमबीचा जेसन (मजकूररूपात आलेली माहिती) आला, तो पार्स होईस्तोवर, म्हणजे वाचून उलगडेस्तोवर, पान ढिम्म, बटणही दबेना. मग फेच आणि पार्स दोन्ही वर्करमध्ये नेलं. पण तिथूनही अख्खा ढीग परत पाठवू नका. वर्कर निरोप धाडतो तो पोस्टमेसेजने; त्याने जातं त्याची नक्कल होते, आणि ती उलगडायला मेन थ्रेडच राबतो. मी कामापुरत्या २०० ओळी गाळून पाठवल्या.

वेंधळी: वर्करला डॉमला, म्हणजे पानावरच्या बटणं-मजकुराला, हात लावता येत नाही ना?

पाटावरवंटा: नाही. माजघरातला गडी तो. ओटीवर येत नाही, दाराआडून चिठ्ठी देतो.

रिकामटेकडा: 'गडी' झकास!

जुनाखोड: झकास काय? आमच्याकडे गडी म्हणजे सालाने ठेवलेला. तुमचा वर्कर टॅब मिटला की संपला. 'रोजंदार' म्हणा.

लेथवाला: खेळातलाही गडीच असतो की. कबड्डीत बाद होतो तो कोण?

रिकामटेकडा: आणि रिक्वेस्टला 'विनंती' का? सर्व्हर काय तहसीलदार आहे? 'मागणी' म्हणा.

लेथवाला: सर्व्हरला मागणी घालायची? मग ४०४, म्हणजे 'सापडलं नाही' हे सर्व्हरचं उत्तर, म्हणजे 'मुलगी घरी नाही'.

वेंधळी: अहो, टिपणं उद्या सकाळी द्यायचीत. धागा की थ्रेड?

जुनाखोड: सांगतो. पण आधी 'रोजंदार' की 'रोजंदारीवाला' ते ठरू द्या.